मतदार यादीपासून महापालिकेच्या सभेपर्यंत: सोलापूरकरांनी काय आणि कोणत्या क्रमाने करायचं

मतदानाच्या दिवशी कार्ड हातात घेऊन केंद्रावरून परत फिरणारी माणसं प्रत्येक निवडणुकीत दिसतात. कुणाचं नाव दुसऱ्या प्रभागात गेलेलं असतं, कुणाचं यादीतच नसतं, कुणी वेळ संपल्यावर पोहोचलेलं असतं. त्या दिवशी कितीही भांडलं तरी उपयोग होत नाही, कारण जे करायचं होतं त्याची मुदत कधीच उलटून गेलेली असते. निवडून आलेल्या माणसाला काम सांगतानाही हेच होतं. अर्ज चुकीच्या दारात जातो, पोच घेतलेली नसते आणि सहा महिन्यांनी हातात काहीच उरत नाही.

म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि क्रमानेच करा. मधला टप्पा गाळला तर पुढचा अडतो.

## आधीची तयारी: घरात एक फाइल

एक साधी फाइल घ्या. घरातल्या प्रत्येक मतदाराच्या ओळखपत्राची झेरॉक्स, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो आणि एक कोरा कागद तीत ठेवा. कोऱ्या कागदावर प्रत्येकासाठी चार गोष्टी लिहायच्या आहेत: विधानसभा मतदारसंघ, यादी भाग क्रमांक, भागातला अनुक्रमांक आणि मतदान केंद्राचं नाव. पुढे जाल तसा हा कागद भरत जाईल. पाचवी ओळ महापालिकेच्या प्रभागासाठी रिकामी सोडा. ती वेगळी भरायची असते, आणि सर्वांत जास्त लोक तिथेच चुकतात.

पत्त्याचा पुरावा म्हणून वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, बँक किंवा टपाल खात्याचं पासबुक, आधार, नोंदणीकृत भाडेकरार चालतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या अनेकांकडे यातलं काहीच स्वतःच्या नावावर नसतं. म्हणून अर्ज करायचं टाळू नका. कागद नसेल तर प्रत्यक्ष जागेवर पडताळणी करायची तरतूद आहे. बीएलओ, म्हणजे तुमच्या भागाचे केंद्रस्तरीय अधिकारी, येऊन खात्री करतात.

## टप्पा 1: तुम्ही नेमके कुठले मतदार, ते ठरवा

‘मी सोलापूरचा’ एवढं यासाठी पुरत नाही. महापालिकेची हद्द एकच असली तरी ती शहर उत्तर, शहर मध्य आणि दक्षिण सोलापूर अशा वेगवेगळ्या विधानसभा मतदारसंघांत विभागलेली आहे. जुन्या पेठांतला माणूस आणि हद्दवाढ भागातला माणूस महापालिकेला एकाच शहरात मत देतात, पण त्यांचे आमदार वेगळे असू शकतात. लोकसभेसाठी शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ आणि पंढरपूर या सहा जागा मिळून सोलापूर मतदारसंघ होतो. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस हे तालुके आपल्याच जिल्ह्यात असले तरी लोकसभेला माढा मतदारसंघात मोजले जातात.

घर बदललेल्यांनी इथे जास्त वेळ द्यावा. विडी कामगार, यंत्रमाग कामगार आणि असंघटित क्षेत्रातली हजारो कुटुंबं शहरातल्या चाळी आणि झोपडपट्ट्यांतून कुंभारीकडच्या वसाहतींत गेली. रे नगरमधली पहिली पंधरा हजार घरं जानेवारी 2024 मध्ये दिली गेली. कुंभारी महापालिकेत येत नाही. तिथे राहायला गेल्यावर नगरसेवक निवडण्याचा संबंध संपतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांचा सुरू होतो. घर तिकडे आणि नाव इकडे राहिलं, तर जिथे पाणी-रस्ता मागायचा तिथे तुमचं मत नसतं. मत मागायला येणाऱ्याला हे बरोबर कळतं.

पुण्यात नोकरीला गेलेल्या मुलामुलींनीही हाच प्रश्न स्वतःला विचारावा. तुम्ही साधारणतः जिथे राहता तिथे नाव असावं. दोन्हीकडे ठेवणं कायद्याने चालत नाही, आणि अर्जात खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘राहू दे, कधी उपयोग होईल’ या विचाराने जुनं नाव ठेवू नका.

तपासा: कागदावर विधानसभा मतदारसंघाचं नाव लिहिलं का? ते अंदाजाने नव्हे, ओळखपत्रावरून किंवा यादीवरून लिहिलेलं हवं.

## टप्पा 2: यादीत नाव शोधा

ओळखपत्र जवळ आहे म्हणजे मतदानाचा हक्क आहे, हा गैरसमज आधी काढून टाका. हक्क यादीतल्या नावामुळे मिळतो. कार्ड असूनही नाव वगळलेलं असू शकतं, आणि कार्ड हरवलं तरी यादीत नाव असेल तर दुसरा ओळखीचा पुरावा दाखवून मत देता येतं.

शोध भारत निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा मोबाइल ॲपवर घेता येतो. 1950 या मदत क्रमांकावरही विचारता येतं. शोधताना पहिली पसंती ओळखपत्र क्रमांकाला द्या, नावाला नको. हे मी आग्रहाने सांगतो, कारण सोलापुरात नावाने शोध हमखास फसतो. तेलुगू आणि कन्नड आडनावं देवनागरीत लिहिताना जोडाक्षर सुटतं, ऱ्हस्वाचं दीर्घ होतं. ‘बिराजदार’ आणि ‘बिरादार’ अशी दोन्ही आडनावं इथे आहेत आणि एकाच्या जागी दुसरं पडतं. पूर्व भागातल्या कित्येक घरांत बापाचं आडनाव एका तऱ्हेने आणि मुलाचं दुसऱ्या तऱ्हेने छापलेलं दिसतं. लग्न झालेल्या बाईचं नाव माहेरच्या आडनावाने जुन्या भागात पडून राहिलेलं असतं.

कार्ड नसेल तर वडिलांच्या किंवा पतीच्या नावाने शोधा. तेही जमलं नाही तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून तुमच्या भागाची पूर्ण यादी उतरवून घ्या आणि घर क्रमांकाने पाहा. शेजाऱ्याचं नाव सापडलं की त्याच्या आगेमागे तुमचं असण्याची शक्यता मोठी. तासभर जाईल, पण हीच खात्रीची पद्धत आहे.

नाव सापडलं की तिथेच थांबू नका. वय, लिंग, नात्यातलं नाव आणि फोटो पाहा. आणि घरातल्या वारलेल्या माणसांची नावं अजून आहेत का, तेही पाहा. ती काढून टाकणं आपलं काम आहे, कारण अशाच नावांवर बोगस मतदान होतं.

सावधान: कुणी कार्यकर्ता ‘तुमचं नाव आहे, मी पाहिलंय’ म्हणाला, तर त्याचे आभार माना आणि तरीही स्वतः पाहा.

## टप्पा 3: योग्य नमुना निवडा, मगच अर्ज भरा

इथली चूक सर्वांत महागात पडते. नमुने थोडे आहेत, पण लोक सरसकट नमुना 6 भरतात.

नमुना 6 फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यासाठी आहे. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा वर्षातल्या चार तारखा वयासाठी धरल्या जातात. त्या तारखेला 18 पूर्ण होत असतील तर नाव लागतं, आणि 17 पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. संगमेश्वर, दयानंद, वालचंद अशा महाविद्यालयांत बारावीला असलेल्या मुलांनी परीक्षा संपल्या की हे काम उरकून टाकावं.

नमुना 8 पत्ता बदलणं, चूक दुरुस्ती, कार्ड बदलून घेणं आणि दिव्यांगत्वाची नोंद यासाठी. मतदारसंघ बदलला तरीही हाच. घर बदलल्यावर नमुना 6 भरला की एका माणसाची दोन नावं तयार होतात. पुढे दुबार म्हणून कोणतं नाव उडेल ते तुमच्या हातात राहत नाही.

नमुना 7 नाव वगळण्यासाठी किंवा एखाद्या नावावर हरकत घेण्यासाठी. मयत व्यक्तीसाठी मृत्यू दाखल्याची प्रत जोडा.

अर्ज ऑनलाइन करता येतो किंवा बीएलओंकडे देता येतो. ऑनलाइन केला तर संदर्भ क्रमांक फाइलमध्ये लिहा; हातात दिला तर पोच घ्या. भरताना आडनाव तुमच्या शाळेच्या दाखल्यावर किंवा आधारवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर लिहा. मराठी रकान्यातलं स्पेलिंग संगणक आपोआप तयार करतो आणि तेलुगू, कन्नड नावांची तिथेच मोडतोड होते. ‘सबमिट’ दाबण्याआधी मराठी रकाना स्वतः वाचून दुरुस्त करा.

अर्ज नाकारला गेला तर कारण विचारा. मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

तपासा: अर्ज केल्यानंतर महिन्याभराने पुन्हा यादीत नाव शोधा. ‘अर्ज केला’ आणि ‘नाव लागलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहिली तर हातात फार थोडे दिवस राहतात. 2024 च्या विधानसभेला उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख 29 ऑक्टोबर होती, आणि नाव नोंदणीचे अर्ज 19 ऑक्टोबरपर्यंतचेच धरले गेले.

## टप्पा 4: महापालिकेची प्रभाग यादी वेगळी तपासा

आता त्या रिकाम्या पाचव्या ओळीकडे या.

लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. राज्य आयोग स्वतः नवी नावं नोंदवत नाही. एक ठरावीक तारीख धरून त्या दिवशीची विधानसभेची यादी घेतली जाते आणि ती प्रभागांप्रमाणे फोडली जाते. जानेवारी 2026 मध्ये झालेल्या महापालिका निवडणुकांसाठी 1 जुलै 2025 ही तारीख धरलेली होती. त्यानंतर ज्यांनी नाव नोंदवलं ते विधानसभेचे मतदार झाले, पण महापालिकेला त्यांना मत देता आलं नाही. डिसेंबरात फॉर्म भरून जानेवारीत मत द्यायला निघालेल्या तरुणांची निराशा यातूनच झाली.

यादी अशी प्रभागांप्रमाणे फोडताना काय होतं? प्रभागाची हद्द रस्त्यावरून, नाल्यावरून जाते. यादीचा एकच भाग दोन प्रभागांत वाटला जातो आणि हद्दीवरच्या गल्ल्या इकडच्या तिकडे जातात. एकाच घरातले नवरा-बायको दोन प्रभागांत गेलेले दिसतात. ही चूक दुरुस्त करायला संधी मिळते, पण अगदी थोडे दिवस. क्रम असा:

1. प्रभाग रचनेचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो. त्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात. तुमची वस्ती मधोमध तोडली गेली असेल तर बोलायची वेळ हीच.
2. आरक्षणाची सोडत निघते.
3. प्रारूप प्रभागनिहाय मतदार यादी प्रसिद्ध होते. महापालिकेत, विभागीय कार्यालयांत म्हणजे आपल्या बोलीतल्या झोनमध्ये, आणि संकेतस्थळावर ती पाहता येते.
4. ठरलेल्या मुदतीत हरकत घ्यायची. नाव चुकीच्या प्रभागात गेलंय, विधानसभेच्या यादीत आहे पण प्रभाग यादीत सुटलंय, किंवा लेखनिकाची चूक आहे, एवढ्याच गोष्टी इथे दुरुस्त होतात. विधानसभेच्या यादीतच नसलेलं नाव इथे घालता येत नाही.
5. अंतिम यादी, आणि मग मतदान केंद्रनिहाय यादी.

हरकत लिहिताना भावना लिहू नका. विधानसभा क्रमांक, यादी भाग, अनुक्रमांक, सध्याचा प्रभाग, असायला हवा तो प्रभाग आणि हद्दीचं वर्णन, एवढं लिहा. आख्ख्या गल्लीचं नाव चुकलं असेल तर प्रत्येकाची सही घ्या आणि अनुक्रमांकांची यादी जोडा. एका माणसाने सगळ्या गल्लीसाठी अर्ज केला आणि बाकीच्यांच्या सह्या नसल्या, तर तो बाजूला पडण्याची भीती असते.

सावधान: 2025 च्या अखेरीपासून स्थानिक निवडणुकांच्या यादीत संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले गेले. तुमच्या नावापुढे तशी खूण दिसली तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. कुठे मत देणार ते लेखी द्यावं लागतं. आधीच दिलं तर मतदानाच्या दिवशी हमीपत्र भरत बसावं लागत नाही.

## टप्पा 5: उमेदवाराचं शपथपत्र वाचा

प्रत्येक उमेदवार अर्जासोबत शपथपत्र देतो. त्यात शिक्षण, मालमत्ता, देणी आणि प्रलंबित फौजदारी प्रकरणं असतात. लोकसभा-विधानसभेची शपथपत्रं भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. ज्यांच्यावर फौजदारी प्रकरणं आहेत त्यांना ती माहिती वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर तीन वेळा जाहीर करावी लागते.

वाचताना पहिलं पान सोडून देणी आणि थकबाकीच्या रकान्याकडे जा. महापालिकेचं, वीज कंपनीचं, बँकेचं काय देणं आहे? मग मागच्या निवडणुकीचं शपथपत्र काढून दोन्ही शेजारी ठेवा. पाच वर्षांत काय बदललं ते बघून तुम्हाला पडेल तो प्रश्न उमेदवाराला विचारायचा आहे. गुन्हा दाखल असणं आणि दोषी ठरणं यांत फरक आहे. आंदोलनात दाखल झालेलं प्रकरण आणि फसवणुकीचं प्रकरण यांतही आहे. कलम कोणतं ते वाचून ठरवा.

प्रश्न विचारताना एकच विचारा आणि त्याला आकडा किंवा तारीख चिकटवा. ‘पाणी कधी मिळणार?’ या प्रश्नाला सोलापुरात गेली कित्येक वर्षं एकच उत्तर मिळतंय. त्याऐवजी असं विचारा: उजनीहून समांतर जलवाहिनीतून पाणी शहरापर्यंत आलं, तर आमच्या भागातल्या टाकीची क्षमता आणि आतल्या जुन्या वाहिन्या ते रोज द्यायला पुरतात का? त्या कामासाठी तुम्ही कोणत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात तरतूद मागणार? उत्तर आलं तर तारखेसह लिहून ठेवा. नाही आलं तर तेही लिहा.

## टप्पा 6: प्रचाराच्या दिवसांत

पैसे, साडी, जेवणावळ देणारा जसा गुन्हा करतो तसा घेणाराही करतो. लोकसभा आणि विधानसभेला असा प्रकार दिसला तर ‘सी-व्हिजिल’ ॲपवर फोटो किंवा व्हिडिओ टाकता येतो आणि 100 मिनिटांत कारवाईची अपेक्षा असते. नाव न देताही तक्रार करता येते. महापालिकेला निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा आचारसंहिता कक्षात लेखी द्या.

85 वर्षांवरील आणि 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना लोकसभा-विधानसभेला घरून मत देता येतं. त्यासाठी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना 12-ड भरून द्यावा लागतो. घरात आजी-आजोबा असतील तर हे पाच दिवस डोळ्यांत तेल घालून पाळा, नंतर सवलत मिळत नाही.

आणि कामगारांसाठी एक गोष्ट. लोकसभा आणि विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी हा कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि तो रोजंदारीवरच्या माणसालाही आहे. यंत्रमाग कारखान्यात, दुकानात, हॉटेलात काम करणाऱ्यांनी मालकाशी आदल्या दिवशीच बोलून घ्यावं. चार-पाच जणांनी मिळून बोललं तर सोपं जातं.

## टप्पा 7: मतदानाचा दिवस

वेळ आधी पाहा. लोकसभा-विधानसभेला आपल्याकडे साधारण सकाळी 7 ते संध्याकाळी 6 असते. महापालिकेला साडेसात ते साडेपाच. विधानसभेची सवय असलेला माणूस महापालिकेला पावणेसहाला पोहोचतो आणि दार बंद झालेलं असतं. वेळ संपताना जे रांगेत असतात त्यांना मात्र मत देता येतं. 2024 ला लोकसभेचं मतदान 7 मे रोजी होतं. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन सांगायला नको. म्हाताऱ्या माणसांना नऊच्या आत नेऊन आणा.

बरोबर मतदार ओळखपत्र किंवा मान्य असलेल्या पुराव्यांपैकी एक मूळ प्रत घ्या: आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं पासबुक वगैरे. घरी आलेली मतदार चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. ती फक्त केंद्र आणि अनुक्रमांक सांगते. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे मोबाइलमधलं आधार दाखवायच्या भरवशावर जाऊ नका.

महापालिकेच्या मतदानाची पद्धत वेगळी आहे, ती घरातल्या सगळ्यांना आधी समजावून सांगा. सोलापूर महापालिकेत 26 प्रभागांतून 102 नगरसेवक निवडले जातात. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत, दोन प्रभाग तीन सदस्यांचे. म्हणजे तुम्हाला एक नव्हे, चार किंवा तीन मतं द्यायची असतात. अ, ब, क, ड अशा जागा असतात आणि प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची. एका जागेवर दोन बटणं दाबून चालत नाही. प्रत्येक जागेसाठी एकेक दाबायचं. एखाद्या जागेवर कुणीच पसंत नसेल तर तिथे ‘नोटा’ आहे. सगळ्या जागांची मतं झाल्यावरच यंत्राचा लांब आवाज येतो. तो आल्याशिवाय बाहेर येऊ नका. बरेच लोक पहिलं बटण दाबून निघू लागतात आणि कर्मचाऱ्यांना हाक मारावी लागते.

लोकसभा-विधानसभेला व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे तुमचं मत कुणाला गेलं ते चिठ्ठीवर छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या, काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती बघा. महापालिकेला हे यंत्र जोडलेलं नव्हतं, त्यामुळे तिथे चिठ्ठी दिसली नाही म्हणून गोंधळून जाऊ नका.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत दिलेलं असेल तर: परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे ‘प्रदत्त मत’ मागा. ओळख पटल्यावर कागदी मतपत्रिकेवर मत घेतलं जातं आणि त्याची वेगळी नोंद होते. नोंद झाली की बोगस मतदान झाल्याचा लेखी पुरावा तयार होतो. तो तुम्ही परत फिरलात तर कधीच तयार होत नाही.

## टप्पा 8: निकालानंतर एक विषय धरा

इथून पुढचा भाग बहुतेक लोक करतच नाहीत, आणि माझ्या मते खरा उपयोग इथेच आहे. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे जवळपास चार वर्षं कारभार प्रशासकांकडे राहिला. त्या काळात प्रश्न विचारायला नगरसेवकच नव्हता. आता आहे, तर त्याला विचारायला हवं.

दहा विषय हातात घेऊ नका. एक घ्या. आधी तो कुणाच्या हातात आहे ते ठरवा. पाणी, ड्रेनेज, कचरा, गल्लीतला रस्ता, दिवाबत्ती ही महापालिकेची कामं. काही मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम किंवा राष्ट्रीय महामार्ग विभागाचे असतात. वीज महावितरणची. रेशन पुरवठा विभागाचं. खासदार निधी वर्षाला 5 कोटी आणि राज्यात आमदार निधीही 5 कोटी असतो. तो कुठे खर्च झाला ते जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियोजन विभागाकडे विचारता येतं. एका चौकातला खड्डा कुणाचा, हे न ठरवता तक्रार केली की ती दोन कार्यालयांत फिरत राहते.

मग अंदाजपत्रक. आयुक्त ते स्थायी समितीपुढे मांडतात, तिथून ते सर्वसाधारण सभेपुढे जातं. हे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये घडतं. म्हणजे तुमच्या गल्लीच्या कामाची मागणी डिसेंबर-जानेवारीत लेखी गेली पाहिजे. एप्रिलमध्ये अर्ज देणाऱ्याला ‘तरतूद नाही’ हे उत्तर मिळतं आणि ते खरंच असतं.

सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका आणि झालेल्या सभेचं इतिवृत्त मागवून वाचा. तुमच्या प्रभागाचे नगरसेवक कोणत्या विषयावर बोलले, कुठे गप्प राहिले, ते त्यातून कळतं. प्रचारात लिहून ठेवलेलं उत्तर तेव्हा शेजारी ठेवा.

## टप्पा 9: अर्जाचा क्रम

आधी अर्ज, मग लोकशाही दिन, मग माहिती अधिकार. हा क्रम मोडला की काम लांबतं.

पहिला अर्ज झोन कार्यालयात किंवा संबंधित विभागात. एका अर्जात एकच काम, ठिकाणाचं नाव, शेजारची खूण, फोटो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘साहेब आल्यावर देतो’ म्हणाले तर थांबा, किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवा. एक प्रत नगरसेवकांना द्या आणि तीही पोच घेऊन.

लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त यांच्या स्तरावर होतो. सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. अर्ज विहित नमुन्यात 15 दिवस आधी द्यावा लागतो. थेट त्या दिवशी कागद घेऊन जाणाऱ्यांचा अर्ज लोकशाही दिनात धरला जात नाही. न्यायालयात असलेली आणि नोकरीविषयक प्रकरणं इथे घेत नाहीत.

माहितीचा अधिकार वापरायचा तो आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक घालून. ‘अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत झालेली कार्यवाही, कोणत्या अधिकाऱ्याकडे तो किती दिवस होता, आणि टिप्पणीची प्रत’ एवढं मागा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि साधारण 150 शब्दांच्या आत असावा लागतो. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावता येतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. ‘रस्ता का केला नाही?’ असा ‘का’ने सुरू होणारा प्रश्न विचारला की ‘माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येतं. कागद मागा, कारण मागू नका. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, तेही त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. तिथेही नाही मिळालं तर 90 दिवसांत माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं अपील.

तपासा: फाइलमध्ये प्रत्येक कागदावर पोच, आणि पोच मिळाल्याच्या तारखेपासून 30 वा दिवस कोणता ते पेन्सिलीने लिहिलेलं आहे का?

## शहराबाहेर राहणाऱ्यांसाठी

कुंभारी, होटगी, तिऱ्हे, मार्डी अशा गावांतल्या लोकांना नगरसेवकाच्या मध्यस्थीशिवाय थेट बोलण्याची जागा आहे: ग्रामसभा. वर्षात किमान चार होतात, बहुधा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या सुमारास. गणसंख्या, म्हणजे सभा चालण्यासाठी लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल ती. ती भरली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झाल्यावर जी सभा होते तिला गणसंख्येची अट राहत नाही. त्या दुसऱ्या सभेला कोण येतं आणि कोणते ठराव होतात ते बघायला तुम्ही हजर असलं पाहिजे.

तुमचा विषय आयत्या वेळी मांडू नका. सभेच्या आठवडाभर आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी देऊन विषयपत्रिकेत घालायला सांगा. सभेत ठराव झाल्यावर तो कार्यवृत्तात लिहिला जाईपर्यंत बसून राहा, मोठ्याने वाचून घ्या आणि मगच सही करा. कोऱ्या रजिस्टरवर सही देऊन घरी जाऊ नका. ठरावाची प्रत पंधरा दिवसांनी मागून घ्या आणि त्याच फाइलमध्ये लावा.